न लावलेलं तेल

मी डोक्याला तेल लावत नाही. हे वाक्य आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की स्टॅम्पपेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून पर्समध्ये ठेवावं असं वाटतं. सकाळी केस धुते, वाळवते, चांगले भुरभुरीत करून वाकडहून निघते. दुपारी चारच्या चहाला जाताना ऑफिसच्या लिफ्टच्या आरशात जी बाई दिसते, तिला कुणीतरी नुकतीच वाटीभर खोबरेलाची मालिश करून धाडलेलं असतं. भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस टाळूला चिकटलेले, कपाळावरच्या बटांच्या काड्या झालेल्या, आणि भांगाची रेघ अशी लखलखत असते की लिफ्टचा दिवा आधी तिच्यात दिसतो, मग आरशात.

खरं दुःख केस तेलकट असण्याचं नाही, न केलेल्या गोष्टीचं श्रेय पदरात पडण्याचं आहे. सोसायटीतल्या समस्त आज्यांमध्ये माझी कीर्ती आहे. ‘आयटीत नोकरी करते, पण डोक्याला तेल लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही हो पोर!’ आज्या आपापल्या सुनांना माझा दाखला देतात. त्या सुना माझ्याशी बोलत नाहीत. ऑफिसात बरोब्बर उलटं. मॅनेजरीणबाई घसा खाकरून म्हणतात, ‘क्लायंटचा कॉल आहे, जरा फ्रेश होऊन येतेस का?’ आणि एका ज्युनिअर पोराने तर मनापासून विचारलं, ‘मॅम, तेल कुठलं वापरता? आईला सांगायचं होतं.’ मी घरचंच म्हणाले. खोटं काय बोलले त्यात?

घरचंच आहे ते. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि प्रत्येकाच्या मुळाशी तैलग्रंथी चिकटलेली असते. तळहात आणि तळपाय सोडले तर अंगभर या ग्रंथी असतात, पण टाळू आणि चेहरा ही त्यांची खास मर्जीतली ठिकाणं. त्या जे तयार करतात त्याला सेबम म्हणतात. त्यात चरबी असते, मेण असतं, स्क्वालीन नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. बनवण्याची रीत मात्र हृदयद्रावक आहे. ग्रंथीतली पेशी आधी स्निग्धाने भरत जाते, फुगते आणि शेवटी स्वतःच फुटून सगळा ऐवज बाहेर सोडते. म्हणजे माझ्या भांगात जी चमक दिसते ती असंख्य पेशींच्या हौतात्म्याची आहे. मॅनेजरीणबाईंनी हे एकदा समजून घ्यायला हवं.

या ग्रंथी हुकूम मानतात तो अँड्रोजेन नावाच्या संप्रेरकांचा. ती पुरुषांत असतात तशी बायकांतही असतात. वयात येताना ती जोर धरतात, म्हणून आठवी-नववीतली पोरं एकाएकी तुकतुकीत दिसायला लागतात. पुढे कुणाच्या ग्रंथी किती उत्साही निघणार हे बरंचसं आनुवंशिक असतं. आमच्याकडे हा वारसा वडिलांच्या बाजूने आला. गावाकडच्या जमिनीच्या वाटण्या अजून कोर्टात आहेत, हे तेवढं बिनतक्रार माझ्या नावावर झालं.

शिवाय केसांची जात. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलीचे केस कुरळे आहेत. तिच्याही ग्रंथी कामावर असणारच, पण तेलाला मुळापासून टोकापर्यंत पोचायचं म्हणजे ताम्हिणी घाट चढायचा. माझे केस सरळ आणि बारीक, तिथे थेट एक्सप्रेसवे, टोलनाकासुद्धा नाही. ती चार दिवसांनी केस धुते आणि ते तोंडावर सांगते. काही माणसांना दुसऱ्याच्या भावनांची कदर नसते.

मग उपाय काय? उपायांना तोटा नाही, तोटा आहे वारांचा. आमच्या सासूबाई न्हाण्याच्या बाबतीत पक्क्या आहेत. गुरुवारी न्हायचं नाही, शनिवारी नाही, सोमवारी उपास म्हणून नाही, एकादशी, चतुर्थी, अमावस्या तर विचारायलाच नको. उरले त्यातल्या मंगळवारी आमच्या विंगला पाणी कमी दाबाने येतं. लग्न झालं तेव्हा कॅलेंडर घेऊन बसले आणि लक्षात आलं की या घरात केस धुवायला मुहूर्त काढावा लागेल. आता मी सकाळी सहाला, त्या उठायच्या आत, नळाची धार बारीक ठेवून केस धुते. चोरून सिगारेट ओढणाऱ्या माणसाने हेवा करावा इतकी त्यात सफाई आली आहे.

पाणी तरी धड असावं! आमच्याकडे उन्हाळाभर टँकर. ते बोअरचं पाणी, इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस म्हणून येत नाही. त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. सासूबाई वडीच्या साबणाने डोकं धुवायच्या आणि ‘पाणी चांगलं नाही, केस चिकट होतात’ म्हणून टँकरवाल्याला बोल लावायच्या. शाम्पूचं बरं असतं, बहुतेक शाम्पू साबणाच्या कुळातले नसतात, त्यामुळे त्यांचा असा साका होत नाही. त्यांच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि धुताना पाणी दोघांना घेऊन मोरीत जातं. शिकेकाई-रिठ्यातलं सॅपोनिनही हेच काम करतं, जरा निवांतपणे. मी त्यांना शाम्पूची पुडी आणून दिली. त्यांनी ती महिनाभर पुरवली.

पुण्यात राहणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी दोन संकटं असतात, स्कार्फ आणि हेल्मेट. आधी केसांभोवती, तोंडाभोवती ओढणी अशी घट्ट आवळायची की सख्ख्या नवऱ्याने ओळखू नये, त्यावर हेल्मेट चढवायचं, आणि एप्रिलच्या उन्हात हिंजवडीच्या सिग्नलला उभं राहायचं. आत उकाडा, घाम, आणि त्या घामावरून तेल मजेत पसरत जातं. एका रविवारी हेल्मेटच्या आतलं अस्तर टिचबटणं काढून सोडवलं. कपाळाला टेकतो तिथला फोम काळा कुळकुळीत, बोट लावलं तर बुळबुळीत, आणि एक केस त्यात असा रुतलेला की चिमट्याने काढावा लागला. बादलीत टाकल्यावर पाण्याने रंग बदलला. मग शोधमोहीमच निघाली. कंगव्याच्या दातांच्या बुडाशी करडा लगदा, उशीच्या अभ्र्यावर पिवळट नकाशा, केसांच्या रबराला मेणचट हात. धुतलेले केस मी रोज त्याच कंगव्याने विंचरत होते, त्याच हेल्मेटात कोंबत होते. आता कंगवा शाम्पूच्या पाण्यात भिजतो, जुन्या टूथब्रशने घासला जातो. अभ्रे दर आठवड्याला बदलतात. हेल्मेटच्या अस्तराला गॅलरीत दोरीवर पाहून समोरच्या काकूंनी विचारलं, ‘बाळाचं काही आहे का?’

मध्यंतरी सलोनमध्ये गेले. तिथल्या मुलीने पेनाएवढा कॅमेरा माझ्या टाळूवर फिरवला आणि स्क्रीनकडे बघत भ्रष्टाचार उघडकीस आणल्याच्या सुरात म्हणाली, ‘मॅम, तुमचा स्कॅल्प खूपच ऑयली आहे.’ हे मला फुकटात माहीत होतं. पुढे डिटॉक्स, पीलिंग, सहा सिटिंगचं पॅकेज, आज घेतलं तर सूट. मी विचार करून सांगते म्हणाले. पण केस धुवायच्या बेसिनपाशी जी नवीन पोरगी होती, तिने पाणी ओतता ओतता हळूच सांगितलं, ‘ताई, शाम्पू टाळूला चोळायचा, कंडिशनर फक्त टोकांना. मुळाशी लावला की केस चपटेच बसणार. आणि सारखा हात नका लावू हो केसांना.’ अख्ख्या सलोनमध्ये कामाचं एवढंच बोलणं झालं आणि त्याचे पैसे कुणी घेतले नाहीत. टिप तिच्याच हातात दिली.

न्यू जर्सीच्या मावसबहिणीचा सल्ला वेगळाच. ‘तू रोज धुतेस ना, म्हणून ग्रंथी चिडून जास्त तेल काढतात. धुणं बंद कर, आपोआप वळण लागतं त्यांना.’ हे ऐकायला छान आहे, पण ग्रंथी कातडीच्या आत बसलेली, तिचा व्यवहार संप्रेरकांशी. वर शाम्पू झाला की नाही याची खबर तिला कोण देणार? तेलकट टाळू असेल तर सौम्य शाम्पूने रोज किंवा दिवसाआड खुशाल धुवावं. धुतल्याने तेल वाढत नाही, आणि न धुतल्याने ग्रंथींना पश्चात्ताप होत नाही. बहिणीला थंडीत बर्फ उपसावा लागतो. तिने जुलैत वाकडला राहून हा प्रयोग करून दाखवावा, चहा माझ्याकडे.

सगळ्यात मोठा तंटा कोंड्यावरून झाला. सासूबाईंच्या मते कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलं, तेव्हा तेल थापावं. त्वचेच्या डॉक्टरांनी बरोबर उलटं सांगितलं. टाळूवर मलसेझिया नावाची बुरशी असते, सगळ्यांच्याच असते, आणि तिचं पोट स्निग्धावर चालतं. माझ्यासारख्या डोक्यावर तिची आधीच चैन, वर तेल ओतायचं म्हणजे तिला पंगतीचं आमंत्रण. त्यांनी किटोकोनॅझोलचा शाम्पू लिहून दिला आणि बजावलं की लावल्यावर पाच मिनिटं थांबायचं, लगेच धुवायचं नाही. मी न्हाणीघरात फेस डोक्यावर घेऊन घड्याळ बघत उभी, आणि बाहेरून, ‘अगं, आत आहेस ना? झोपलीस की काय?’ डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, पाळी नियमित आहे ना, हनुवटीवर केस, मुरुमं असं काही एकदम वाढलंय का? तसं असेल तर शाम्पूच्या मागे न लागता संप्रेरकं तपासून घ्यायची, पीसीओएस नावाच्या बायकांच्या संप्रेरकांच्या विकारात असं होतं. माझं तसं काही नव्हतं. माझं आपलं साधं, घराण्याचं.

सासूबाईंची बाजूही अगदीच लंगडी नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसलं होतं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जाऊ देतं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसं होत नाही. म्हणजे केसांपुरत्या त्या बरोबर, टाळूपुरते डॉक्टर. मी तह सुचवला: न्हाण्याआधी तासभर, फक्त खालच्या केसांना लावू. ‘टाळूला नाही लावलं तर डोकं शांत कसं राहणार?’ त्या म्हणाल्या. डोकं शांत राहण्याचा केसांशी संबंध नाही हे त्यांना सांगण्याइतकी माझी नोकरी कायम नाही.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणीबाणीसाठी ड्राय शाम्पूचा डबा आहे. त्यातलं पीठ तेल शोषतं, काढत काहीच नाही. नीट झटकलं नाही तर भांगात भाकरी थापल्याचा पुरावा राहतो. एका कॉलपुरतं निभावतं.

जुन्या इंग्लंडातल्या बायकांबद्दल मात्र मला जिव्हाळा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले साहेबलोक डोक्याला मॅकॅसर तेल चोपडायचे आणि जिथे टेकतील तिथे डाग पाडायचे. शेवटी बायकांनी खुर्च्यांच्या पाठींवर धुता येतील असे विणलेले रुमाल घातले. आपल्याकडे सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल आले ते त्यांचेच नातलग. फक्त दिवाणाच्या मागच्या भिंतीला रुमाल घालायची सोय कुणी काढली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या घराचं रंगकाम काढलं. हॉलमध्ये दिवाणावर टेकून बसतात त्या भिंतीवर जेवणाच्या ताटाएवढा तेलकट गोल डाग होता. पेंटरने त्यावर हात फिरवला, नाकाशी नेला आणि माझ्या डोक्याकडे बघितलं. सासूबाईंनीही माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या नजरेत कौतुक नव्हतं. मी काही न बोलता दिवाणावर मांडी घालून भिंतीला टेकून बसले. डाग माझ्या डोक्याच्या चांगला वीतभर वर होता. मग नवऱ्याला बोलावलं. तो बसला आणि त्याचं टक्कल त्या गोलात नेमकं जाऊन बसलं.

केस गेले तरी तैलग्रंथी जात नाहीत. त्या तिथेच असतात, कामावर असतात, आणि आता वाटेत केसही नसतात. या माणसाला आजवर कुणी तेलकट म्हटलेलं नाही. टकलावरच्या चमकेला लोक बुद्धीचं तेज समजतात.

‘त्याच्या डोक्याला मीच लावते रोज रात्री,’ सासूबाई म्हणाल्या. ‘केस गेले ना बिचाऱ्याचे.’

‘इथे रंग धरणार नाही ताई,’ पेंटर म्हणाला. ‘घासून, वर प्रायमर मारून घ्यावा लागेल. तीनशे जास्त.’

‘तीनशे?’ सासूबाई उसळल्या. ‘तेवढ्यात अर्धा लिटर खोबरेल आलं असतं!’