वायव्येचे दार

गेल्या शनिवारी रात्री पावणेदहा वाजता, पायजमा आणि कानटोपी अशा वेषात, अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावरील पावसात उभे राहून मी एका सत्तरीच्या बाईंना ‘आम्ही आत स्वयंपाक केलेला नाही’ अशी ग्वाही देत होतो. बाईंच्या हातात विजेरी होती आणि तिचा झोत माझ्या खांद्यावरून आत जाऊन आईच्या स्टीलच्या डब्यावर स्थिरावला होता. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, चोरून थालीपीठ लावल्याच्या संशयावरून माझी झडती होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

ओरेगॉनच्या सरकारी उद्यानांत राहण्यासाठी यर्ट मिळतात. १९९४ साली केप लुकआउट येथे त्यांची सुरुवात झाली आणि भर पावसाळी हिवाळ्यातही लोक किनाऱ्यावर मुक्कामाला येऊ लागले. यर्ट म्हणजे मध्य आशियातील भटक्या पशुपालकांच्या गोल तंबूचा अमेरिकी अवतार. साधारण १६ फूट व्यास, म्हणजे २०० चौरस फूट जागा, लाकडी पट्ट्यांच्या जाळीची भिंत, वर जाड कापड, माथ्यावर पारदर्शक घुमट, आत दुमजली पलंग, हीटर, दिवा आणि कुलूप. नळ नाही, संडास नाही आणि चूल तर नाहीच. वाईहून आलेल्या आईला समुद्र दाखवावा म्हणून मी एप्रिलमध्ये पहाटे उठून ऑक्टोबरमधील दोन रात्री राखून ठेवल्या. उद्यानाचे नाव सांगत नाही, कारण पत्नीला तेथे पुन्हा जायचे आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस आडवा लागला होता. दोन हातांत दोन पिशव्या, दातांत किल्ल्यांचा जुडगा, अशा स्थितीत मी दार उघडून आत पाऊल टाकणार, तोच मागून कोणीतरी ‘थांबा!’ असे ओरडले. साप असावा असे वाटून मी थांबलो. शेजारच्या यर्टच्या ओट्यावर पिवळा रेनकोट घातलेले एक उंच गृहस्थ उभे होते. ते पावसातून लगबगीने आले आणि त्यांनी माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवले. तो पाय उंबरठ्यावर होता.

“मंगोलियात हा यजमानाचा अपमान समजतात,” ते म्हणाले.

आमच्या वाईच्या घरात उंबरठ्याला रोज हळदीकुंकू लागते. उंबरठ्यावर उभे राहू नये, बसू नये, तेथे शिंकू नये, हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. त्या वेळी दातांत किल्ल्या नसत्या तर हे सर्व मी त्यांना सांगितले असते. शिवाय येथे भाडे मी भरले होते, म्हणजे यजमान मीच होतो आणि माझा अपमान करण्याचा पहिला हक्क माझा होता. पण तोंड बंद असलेला मनुष्य वादात नेहमीच हरतो. मी पाय उचलला. गृहस्थ आमच्या आधी, उजवा पाय पुढे टाकून, चिखलाने भरलेल्या बुटांसह आत गेले.

आई दारात चप्पल काढत होती. तिने मला हळूच विचारले, “अरे, हे कोण? उद्यानाचे गुरुजी का?”

प्रश्न रास्त होता. गृहस्थांनी आत शिरताच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे डावीकडून, चालायला सुरुवात केली होती, कारण मंगोलियात आत आलेल्याने तसेच फिरायचे असते. दारासमोरच्या भिंतीपाशी पाहुण्यांची मानाची जागा असते, अशी माहिती देत ते तेथे बसलेही. त्या मानाच्या जागी आमच्या यर्टमध्ये पलंग होता आणि त्यावर पत्नीने नुकताच आईचा पांढरा पलंगपोस अंथरला होता. मग उठून, आल्या वाटेनेच, ते दारापर्यंत परत आले. “अर्धीच घातली,” आई म्हणाली, “शंकराची असते तशी.” सोमसूत्री प्रदक्षिणेची ती रेषा फरशीवर चिखलात स्पष्ट उमटली होती.

हे गृहस्थ मंगोलियात अकरा दिवस राहिले होते. (मी अमेरिकेत एकोणीस वर्षे आहे, पण आजवर मी कोणाच्या घरात शिरून त्याला हॅम्बर्गर कसा धरावा हे शिकवलेले नाही.) त्यांनी सांगितले की यर्ट हा शब्दच चुकीचा आहे, तो तुर्की भाषांतला आहे आणि मंगोल लोक आपल्या घराला ‘गेर’ म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचा मंगोलियावरील लेख १९६२ साली एका मासिकात आला, तो पाहून विल्यम कॉपर्थवेट नावाच्या शिक्षकाने अमेरिकेत गोल घरे बांधायला सुरुवात केली, आणि पुढे १९७८ साली याच ओरेगॉनमधील कॉटेज ग्रोव्ह येथे यर्टचा कारखाना निघाला. हे सर्व रंजक होते, हे मी आज कबूल करतो. पण ते दार उघडे ठेवून बोलत होते, हीटरची ऊब बाहेर जात होती आणि पाऊस आत येत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीने एक लेख लिहावा आणि साठ वर्षांनी त्याची शिक्षा वाईच्या एका वृद्ध स्त्रीने भोगावी, हा न्याय मला पटला नाही.

मग त्यांनी फोनवर होकायंत्र काढले. आमच्या यर्टचे दार वायव्येला असल्याचे जाहीर करून त्यांनी खेदाने मान हलवली आणि सांगितले की खरे दार दक्षिणेला हवे, कारण तिकडचा बोचरा वारा उत्तरेकडून येतो. मी आईसाठी याचे भाषांतर केले आणि ती माझी चूक ठरली.

“दक्षिणेला?” आई म्हणाली. “ती यमाची दिशा. त्यांना सांग, वायव्य चालेल, पण दक्षिण मुळीच नको.”

पुढची पाच मिनिटे एक मंगोलियावादी आणि एक वास्तुशास्त्रवादी यांच्यामध्ये मी दुभाषा म्हणून उभा होतो. दोघांपैकी कोणालाही दार हलवता येणार नव्हते. ते लाकडी ओट्याला बोल्टांनी जखडलेले होते.

आता ते निघतील असे वाटत असतानाच गृहस्थांनी यर्टच्या अवयवांची ओळख करून द्यायला घेतली. घुमटाकडे बोट दाखवून ते ‘तोनो’ म्हणाले. त्या तोनोतून रात्री तारे दिसतात असे मी आईला सांगून ठेवले होते. तूर्त त्यावर पाण्याचे ओघळ आणि झाडाचा पालापाचोळा एवढेच दिसत होते. नंतर भिंतीच्या जाळीवर तळहात थोपटत, आईच्या डोळ्यांत पाहत, ते ठासून म्हणाले, “खाना. खाना.”

मंगोल भाषेत त्या जाळीच्या भिंतीला खाना म्हणतात. आईला मंगोल येत नाही, पण परक्या माणसाशी हिंदीत बोलायचे असते हे तिला पक्के ठाऊक आहे. “इतका वेळ बिचारा सांगतोय आणि तुझं लक्षच नाही,” असे मला सुनावून तिने डबा उघडला. त्यात घरून करून आणलेली आठ थालीपीठे होती आणि लसणाची चटणी होती. दोन दिवसांची आमची तेवढीच भिस्त होती, कारण आत चूल पेटवायला बंदी आणि बाहेरची चूल पावसाने पेटू देत नव्हती. यजमानाने दिलेले उजव्या हाताने घ्यावे आणि नाकारू नये, अशी मंगोलियातील रीत आहे. ती त्यांनी तीन वेळा पाळली.

जाताना, जेथे काहीच नव्हते त्या यर्टच्या मध्यभागाकडे पाहून ते हळहळले. खऱ्या गेरमध्ये येथे चूल असते, सगळे घर तिच्याभोवती असते, असे ते म्हणाले. त्या संपूर्ण संध्याकाळीत मला त्यांचे हे एकच वाक्य मनापासून पटले. घर म्हणायचे आणि चहाचे आधणसुद्धा पावसात छत्रीखाली ठेवायला लावायचे, यात कुठेतरी खोट आहे. कापड पेट घेते हे मला कळते. पण साठी-सत्तरीच्या माणसाला रात्री संडासासाठी विजेरी घेऊन दीडशे पावले चिखलातून चालावे लागते, त्यामागे कोणते कापड पेट घेते?

आणि मग पावणेदहाला त्या बाई आल्या. त्या उद्यानाच्या कॅम्प होस्ट होत्या, म्हणजे आपली मोटारघरे घेऊन येणाऱ्या, जागेच्या मोबदल्यात गोल्फ कार्टमधून फिरून देखरेख करणाऱ्या निवृत्त स्वयंसेवकांपैकी. आमच्या यर्टमध्ये काहीतरी तळले जात असल्याचे कोणीतरी कळवले होते. कोणी, ते त्या सांगेनात. चटणीचा वास तेवढा दूर जाणे शक्य होते काय? माझ्या मते तो वास एका विशिष्ट पिवळ्या रेनकोटाच्या बाहीला लागून गेला असावा, पण माझ्याकडे पुरावा नाही. बाईंनी भिंती हुंगल्या, प्लगांकडे पाहिले, नियमांचा कागद माझ्या हाती दिला आणि दहा वाजता शांततेची वेळ सुरू होते याची आठवण करून दिली. तोवर सर्व आवाज त्यांच्याच कार्टचा होता.

सकाळी पाऊस थांबला, समुद्र दिसला, आईला तो आवडला. दुसरी रात्र गाडीतून आणलेल्या चिप्सवर निघाली.

निघण्यापूर्वी पाहुण्यांनी यर्ट झाडून द्यावे, अशी पाटी दारामागे होती आणि तिच्याखाली झाडू होता. वाळलेली सोमसूत्री प्रदक्षिणा मी गुडघ्यांवर बसून खरवडली, लोटत दारापर्यंत आणली आणि ती बाहेर ढकलण्यासाठी उंबरठ्यावर उभा राहिलो. समोर गृहस्थ आपल्या गाडीत सामान भरत होते. त्यांनी मला पाहिले, सामान खाली ठेवले आणि एक बोट वर केले.

मी मुद्दाम दुसराही पाय उंबरठ्यावर ठेवला.

“उंबऱ्यावर काय उभा राहतोस,” मागून आई म्हणाली, “उतर खाली.”

मी उतरलो. खाली डबके होते.