चाळीस गोरे आणि चहाचा चोथा

जुलैपासून आमच्या घरात चाळीस इंग्रज शिपाई मुक्कामाला आहेत. उंची 28 मिलिमीटर, जात प्लास्टिक, लढाई वॉटर्लू, साल 1815. आमच्या बेळगावपासून कित्तूर तासाभरावर, तिथं 1824 मध्ये राणी चन्नम्मांच्या लोकांनी कलेक्टर थॅकरेला आडवं केलं, त्यामुळं इंग्रज शिपायाचा लाल डगला बघितला की आपल्याला परका वाटतच नाही.

पहिला घोळ प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराचा. स्प्रे दमट हवेत मारू नये असं डब्यावर लिहिलंय, पण इथं झड लागली की गणपतीपर्यंत हवा कोरडी होत नाही, म्हणून एक दिवस मारलाच, आणि अख्खी पलटण पांढरट, खरखरीत होऊन बसली. आई म्हणाली, "काय करालास रे, बाहुल्यांना पावडर?"

मग रंग. छातीवरचे पांढरे पट्टे काढायचे म्हणजे श्वास रोखून, आणि नेमका तेव्हाच कुकर शिट्टी देतो, एका बिचाऱ्याचा पट्टा थेट नाकापर्यंत गेलाय. असू दे, मागच्या रांगेत उभा करतो.

पण खरी वाट लावली ती बेसनं. पायाखालच्या चकतीवर जमीन दाखवायची असते ना, ती. खानापूरची तांबडी माती चाळून फेविकॉलवर चिकटवली, छान दिसली, तिथंच थांबायचं होतं. पण व्हिडिओत एका गोऱ्यानं सांगितलं की वापरलेली चहापूड टाका, हुबेहूब पालापाचोळा दिसतो. टाकली. आता त्याच्याकडं चहा म्हणजे गरम पाण्यात पिशवी बुडवायची, आणि आमच्याकडं पावडर, साखर, दूध, आलं सगळं एकत्र खळाखळा उकळायचं, हा फरक माझ्या डोक्यातच आला नाही. चोथा वाळवलापण नव्हता, वाळवणार कुठं, उन्हाचा पत्ता नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर मुंग्यांची रांग कपाटावर, नेपोलियनच्या घोडदळापुढं न हटलेली पलटण चारी बाजूंनी वेढलेली, आणि मुंग्या गेल्या तर आठवड्यानं बुरशी आली, पांढरी, केसाळ. लांबून बर्फ वाटतो म्हणावं तर वॉटर्लूची लढाई जूनमधली.

सगळं खरवडून परत मातीवर आलो. काल भाचा आला, दिवाळीच्या किल्ल्यातला मुरलेला इंजिनियर. बेस उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मामा, आळीव पेर की, चार दिवसांत गवत येतंय."

एवढ्याशा शिपायाला आळीव म्हणजे डोक्यावरनं ऊसच, पलटण फडात लपल्यासारखी दिसणार.

वाटीभर भिजत घातलाय.