रोलअप करून मूळ लॉग पुसायला सांगणाऱ्यांना उत्तर

इलास्टिकसर्च म्हणजे लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) साठवून त्यांत शोध घेणारी प्रणाली. तिचं बिल वाढलं की एक सल्ला हमखास पुढे सरकवला जातो. ९० दिवसांहून जुने लॉग तासागणिक रोलअप करा, म्हणजे दर तासाचा आकड्यांतला सारांश साठवा, मूळ इंडेक्स (नोंदींचा साठा) उडवा, डिस्क मोकळी होईल. शोध मात्र पहिल्यासारखाच चालेल, कारण सारांशात सगळं आलेलंच असतं. यातलं डिस्कचं म्हणणं खरं आहे, त्यावर वाद नाही. मिनिटाला हजारो नोंदी येत असतील आणि तासाच्या मोजक्या ओळी उरणार असतील तर जागा वाचणारच. आक्षेप उरलेल्या भागावर आहे, आणि तो भाग ठामपणे सांगितला जातो म्हणून तुकड्या-तुकड्याने घेतो.

“शोध पहिल्यासारखाच चालतो.”

नाही चालत. रोलअप २०१८ मध्ये इलास्टिकसर्चच्या ६.३ आवृत्तीत आलं तेव्हापासून त्याच्या शोधाचा एंडपॉइंटच (विनंती पाठवायचा पत्ता) वेगळा आहे. त्यातून एकही मूळ नोंद परत मिळत नाही, फक्त आकडेमोड मिळते. क्वेरीसुद्धा मोजक्याच चालतात: नेमकं मूल्य जुळवणं, रेंज (अमुक ते तमुक), आणि बूलियनने यांची जोडणी. लॉगच्या मजकुरात शब्द शोधायची सोय नाही, कारण तो मजकूर तिथे उरलेलाच नसतो. शिवाय एका विनंतीत एकच रोलअप इंडेक्स घेता येतो. दोन वर्षांचे दोन वेगळे रोलअप इंडेक्स केले असतील तर दोन्हींवर एकदम शोध घालता येत नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या एका ऑर्डरचं पेमेंट का अडकलं, असं ग्राहकाने विचारलं तर त्या तासात किती पेमेंट अडकली एवढंच सांगता येईल. त्याची ऑर्डर त्यात होती का, हे नाही.

“सारांशात सगळं आलेलंच असतं.”

सारांशात जॉब, म्हणजे रोलअप कसं करायचं याची सूचना, लिहिताना जे मागितलं तेवढंच येतं. आकड्यांसाठी पाच गोष्टी साठवता येतात: किमान, कमाल, बेरीज, सरासरी आणि नोंदींची संख्या. त्यातलीही एखादी मागायची राहिली तर ती नंतर निघत नाही. फक्त कमाल साठवली आणि वर्षाने सरासरी मागितली, तर हे पुरवणारा जॉबच नाही अशी एरर येते. एरर आली तर उलट बरंच, निदान माणूस थांबतो. जास्त त्रास देतो तो बिनतक्रार मिळालेला आकडा. तासाभरात ५९ मिनिटं सर्व्हर ०.२ सेकंदात उत्तर देत होता आणि एक मिनिट ५ सेकंद लावत होता असं समजा. दर मिनिटाला विनंत्या सारख्याच असतील तर तासाची सरासरी येते ०.२८ सेकंद. डॅशबोर्ड हिरवागार. त्या एका मिनिटात ज्यांचे व्यवहार अडकले त्यांचा मागमूस नाही.

पर्सेंटाइल (उदाहरणार्थ ९५वा, म्हणजे १०० पैकी ९५ विनंत्यांना ज्या वेळेच्या आत उत्तर मिळालं ती वेळ) तर यादीतच नाही. मग काही जण दर तासाचा ९५वा पर्सेंटाइल आधी काढून तो साधा आकडा म्हणून साठवतात आणि दिवसासाठी त्या २४ आकड्यांची सरासरी घेतात. पहाटे तीनच्या तासात ४० विनंत्या, संध्याकाळी सातच्या तासात ४०,००० विनंत्या, आणि दोन्ही तासांना वजन एकच! हाती येतो तो आकडा दिवसाचा पर्सेंटाइल नसतो. वेगळे ग्राहक मोजतानाही हेच होतं. तेच १,००० जण दिवसभर दर तासाला येत राहिले तर तासांच्या आकड्यांची बेरीज २४,००० भरते. माणसं हजारच असतात.

यावर उत्तर येतं की गटवारीत सगळी फील्ड घाला, म्हणजे काही हरवणार नाही. करून बघा. ३६ जिल्हे, ५ सेवा आणि ४ प्रकारचे निकाल धरले तर तासाला जास्तीत जास्त ७२० ओळी होतात. त्यात १०,००० ग्राहक घातले की शक्य जोड्या ७२ लाख. बहुतेक जोडीला एखादीच मूळ नोंद येणार, म्हणजे सारांश जवळजवळ मूळ लॉगएवढाच. मग रोलअप कशासाठी केलं?

“तासाचे तुकडे कुठल्याही अहवालाला पुरेसे बारीक आहेत.”

साठवला त्याहून बारीक तुकडा मिळत नाही आणि मोठा हवा असेल तर तो पटीतच हवा. तासाच्या रोलअपवरून दोन तासांचे गट निघतात, दीड तासाचे नाही. पण भारतात बसणाऱ्यांची खरी अडचण त्याहून साधी आहे आणि या सल्ल्यात तिचा उल्लेख सहसा सापडत नाही. जॉबमध्ये टाइमझोन दिला नाही तर रोलअप यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. हा अर्धा तासच घोळ घालतो. यूटीसीचा १८ ते १९ हा तुकडा आपल्याकडे रात्री साडेअकरा ते साडेबारा असतो, म्हणजे आपली मध्यरात्र बरोबर त्याच्या पोटात येते. ३१ मार्चच्या रात्रीचे शेवटचे व्यवहार आणि १ एप्रिलचे पहिले व्यवहार एकाच बेरजेत. आर्थिक वर्ष कुठे संपलं हे त्या बेरजेतून कुणालाच काढता येणार नाही. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, असं वाटून टाकलं तरी तो अंदाजच. आणि मध्यरात्री ऑफर उघडणाऱ्या दुकानाच्या बाबतीत हा अंदाज भलताच चुकतो, कारण बाराच्या आधी शुकशुकाट आणि बारानंतर झुंबड.

शोधताना टाइमझोन बदलून भागत नाही. जॉबचा आणि विनंतीचा टाइमझोन जुळला नाही तर उत्तरच मिळत नाही. जॉब लिहितानाच आशिया/कोलकाता दिला असेल तर आपले दिवस नीट पडतात. पण त्याच कंपनीच्या दुबईच्या ऑफिसला, जिथे वेळ यूटीसीच्या पूर्ण चार तास पुढे आहे, तीच अर्ध्या तासाची अडचण सुरू होते. दोघांनाही चालेल असा मार्ग म्हणजे अर्ध्या तासाचे तुकडे, ज्यांची बेरीज ज्याने त्याने आपल्या वेळेनुसार करायची. ओळी साधारण दुप्पट होतात. माझ्या मते भारतातल्या कुठल्याही रोलअपला हीच किमान मर्यादा असावी, तास नव्हे.

“उशिरा आलेला डेटा आपोआप मिसळतो.”

एखाद्या तासाचं रोलअप झालं की त्या तासाच्या नंतर पोचलेल्या नोंदी रोलअप धरत नाही. नेटवर्क नसलेल्या गावातून फोन दुसऱ्या दिवशी लॉग पाठवत असेल तर जॉबला तेवढा विलंब सांगून ठेवावा लागतो. तो किती, हेही आधीच ठरवायचं.

“हे जुनं झालं, आता डाउनसॅम्पलिंग आहे.”

बरोबर. रोलअप ८.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, कालबाह्य ठरवलं आहे आणि त्याची जागा टाइम सीरिजसाठीच्या (वेळेनुसार येणाऱ्या आकड्यांसाठीच्या) डाउनसॅम्पलिंगने, म्हणजे ते आकडे मोठ्या तुकड्यांत गोळा करण्याच्या सोयीने, घेतली. त्याला साधा शोध चालतो ही मोठी सुधारणा. पण तासात मिसळलेली मिनिटं तिथेही सुटी होत नाहीत आणि ते मुळात मेट्रिक्ससाठी (मोजमापाच्या आकड्यांसाठी) आहे, मजकुराच्या लॉगसाठी नाही.

“मूळ नोंदी कुणी मागत नाही.”

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. लॉग, लॉगच्या बेरजा नव्हेत. सल्ला ९० दिवसांवर पुसायला सांगतो. रोजमेळ फाडून ताळेबंद दाखवला तर कुठला ऑडिटर तो मान्य करेल?

रोलअप जरूर ठेवा, वर्षांचा कल दाखवणाऱ्या डॅशबोर्डसाठी ते उत्तम आहे. मूळ इंडेक्स मात्र उडवण्याआधी त्याचा स्नॅपशॉट (पूर्ण प्रत) घेऊन स्वस्त ऑब्जेक्ट स्टोरेजवर (क्लाउडमधल्या फाइल-साठ्यावर) टाका. तिथेही एक गाठ आहे. इलास्टिकसर्चच्या ६ व्या पिढीत बनलेला इंडेक्स ८ व्या पिढीत नेहमीच्या पद्धतीने उघडत नाही, मधे ७ मध्ये नेऊन रीइंडेक्स करावा, म्हणजे नव्याने बांधावा लागतो. पाच-सात वर्षं टिकवायचे असतील तर त्याच नोंदी साध्या जेसन (मजकूर स्वरूपातल्या) ओळींच्या जीझिप (दाबून लहान केलेल्या) फाइल करूनही ठेवा. त्या उघडायला इलास्टिकसर्च लागत नाही.