"नैसर्गिक दगड आहे, असं होणारच" हे ऐकून कान किटले

स्वयंपाकाच्या ओट्यासाठी दगडवाल्याने ग्रॅनाइटचा चार इंच बाय चार इंचाचा तुकडा हातात द्यायचा, "हेच डिझाइन आहे, फायनल करा" म्हणायचं, आणि ओटा बसल्यावर घरातला माणूस तोंड उघडतो तेव्हा "नैसर्गिक दगड आहे, असं होणारच" म्हणून हात झटकायचे. डोकं फिरतं या प्रकाराने.

बारीक ठिपक्यांचा ग्रॅनाइट असेल तर तुकड्यावरून निवडा, काही बिघडत नाही. दाणा इथून तिथवर सारखाच. पण लाटा, शिरा, ढग असलेल्या दगडात एक लाट तीन-चार फुटांत कुठेतरी एकदा वळते. चार इंचात तिचं काय दिसणार? एखादा पांढरा कोपरा, नाहीतर नुसता काळा पट्टा. त्याला निवड म्हणत नाहीत, सोडत म्हणतात.

आणि अख्खा स्लॅब, म्हणजे न कापलेली मोठी फरशी, दाखवला तरी तो उभा दाखवतात. नऊ-दहा फूट लांब, पाच-सहा फूट उंच, लांबून बघितला की चित्रासारखा दिसतो. ओट्यावर त्यातली जेमतेम दोन फूट रुंदीची पट्टी येणार आहे, तीही आडवी, तीही अगदी जवळून दिसणार आहे, हे कोणी बोलतच नाही! मोठ्या लाटेचा दगड लहान ओट्याला लावला की लाट राहत नाही, डाग राहतात. साधा उपाय आहे: स्लॅबवर दोन फुटांच्या अंतराने कागदी चिकटपट्टी लावा, सिंक आणि शेगडीच्या जागा आखा, आणि उरलेल्या भागात काय दिसतं ते बघा. दहा मिनिटं लागतात.

शिरा कुठे असाव्यात हे निसर्गाने ठरवलं, मान्य. पण सिंकचा खड्डा कुठे पाडायचा आणि जोड कुठे घ्यायचा हे कटिंग करणाऱ्याने ठरवलं ना? मग दोष दगडावर का?

सगळ्यात जास्त चीड येते ती एल आकाराच्या कोपऱ्यावर. शिरा बहुतेक वेळा स्लॅबच्या लांबीने धावतात. दोन्ही बाजू लांबीतच कापल्या आणि काटकोनात सरळ जोडल्या, की एका बाजूच्या शिरा दुसरीच्या कुशीत जाऊन आदळतात. बघितलं की वाटतं दोन वेगळे दगड आणून ठोकलेत. ४५ अंशांत जोड घेतला तर शिरा फोटोच्या चौकटीसारख्या वळतात, पण दगड जास्त वाया जातो आणि टोकाशी कपचा उडायची भीती असते. शिरांची दिशा दोन्हीकडे एकच ठेवायची तर छोटी बाजू स्लॅबच्या रुंदीतून कापावी लागते, म्हणजे ती पाच-सहा फुटांपेक्षा लांब निघत नाही. तीन पर्याय आहेत, तिन्ही कापण्याआधी सांगायचे असतात. सांगत कोण? चौरस फुटांचा हिशेब काठोकाठ बसवतात आणि उरलेल्या तुकड्यांतून कोपरा भरतात. दोन स्लॅब लागणार असतील तर एकाच ब्लॉकमधले, म्हणजे खाणीतल्या एकाच मोठ्या दगडातून कापलेले, ओळीने आलेल्या नंबरांचे घ्यायचे, ही बाब तर कुणाच्या गावीही नसते.

मग पुढची कड. २० मिलिमीटरच्या दगडाला खालून पट्टी चिकटवून जाडी दाखवतात. पट्टी कुठली? हाताला लागेल ती. वरची पांढरी शीर कडेपाशी येऊन कापल्यासारखी थांबते, खाली भलताच करडा पट्टा, आणि मध्ये फिक्या दगडात काळ्या एपॉक्सीची, म्हणजे दगड चिकटवायच्या गोंदाची, रेघ! पट्टी त्याच कडेच्या लगतच्या दगडातून काढायची आणि एपॉक्सीत दगडाच्या रंगाचं पिगमेंट घालायचं, एवढंच तर करायचं असतं.

सिंकच्या पुढे जेमतेम तीन-चार इंचांची पट्टी उरते. तिथे आडवी चीर आली तर उचलतानाच दगड तुटतो. म्हणून तिरपा टॉर्च मारून ती जागा आधी बघा, नख फिरवा. नख अडकलं तर भेग समजा आणि खड्डा सरकवा. जोडही सिंकपासून लांबच हवा, पाणी तिथेच साचतं.

त्या चार इंचाच्या तुकड्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. पांढऱ्या-करड्या वळणदार शिरांचे कितीतरी दगड ग्रॅनाइट म्हणून खपवले जातात आणि निघतात संगमरवराच्या जातीचे. तुकड्यावर लिंबाचा रस १५ मिनिटं ठेवा. चकाकी गेली तर तो ग्रॅनाइट नव्हे, ओट्यावर महिनाभरात त्याची कळा जाईल. काळ्या दगडावर ॲसिटोनचा पांढरा बोळा घासा, बोळा काळा झाला तर रंग चढवलेला आहे. पाण्याचा थेंब पाच-दहा मिनिटांत गडद डाग पाडत असेल तर दगड शोषतो, सीलर, म्हणजे डाग मुरू न देणारं द्रावण, लागणारच.

रंगसंगतीत एवढंच: दगड नक्षीदार तर मागच्या टाइल्स साध्या, आणि त्यांचा रंग दगडाच्या पार्श्वभूमीतून उचललेला, शिरेतून नव्हे. कपाटाच्या दाराचा तुकडा स्लॅबला लावून बघा, घरात असेल त्याच उजेडात. पांढऱ्या ट्यूबखाली करडा दिसणारा दगड पिवळ्या दिव्याखाली मळकट दिसतो.

पसंत पडलेल्या स्लॅबच्या मागे सही करा, नंबरासकट फोटो काढा. आणि एपॉक्सी लावण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडून दाखवायला लावा. २० मिलिमीटरचा दगड चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरतो, एकदा चिकटला की न मोडता निघत नाही. मांडून दाखवायला अर्धा तास लागतो, आणि नेमका तोच अर्धा तास या लोकांकडे कधी नसतो!