व्याज कुणी धरायचं?

रविवारी सकाळी मंद्या डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या कट्ट्यावर आला तो शोरूमचं कोटेशन नाचवतच. सीएनजी हॅचबॅक, ऑन रोड आठ लाख.

"बुक करतोय. जुनी नुसती पेट्रोल पिते रे. शहरात बाराच्या वर अ‍ॅव्हरेज नाही. छोट्या गाड्यांवरचा जीएसटीसुद्धा २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय."

"वर्षाला चालते किती?" अण्णांनी विचारलं. बँकेतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी खिशाला पेन असतंच.

"पंधरा हजार तरी."

सुन्याचा विश्वास बसेना. त्याने मंद्याला मोबाइलमधली सर्व्हिसिंगची बिलं काढायला लावली. दोन बिलांमध्ये अकरा महिने आणि सात हजार तीनशे किलोमीटर. म्हणजे वर्षाला आठ हजार. हे असंच असतं; विचारलं की सगळ्यांची गाडी दुप्पट धावते.

अण्णांनी कोटेशन उलटं करून पाठीमागे मांडायला घेतलं. पेट्रोल १०४ रुपये, सीएनजी ९० धरलं. जुनीला ६६७ लिटर, म्हणजे ६९ हजार. नवीने शहरात किलोला चोवीस दिलं, तर ३३३ किलो, ३० हजार.

"वाचले ३९ हजार. खूश?"

"मग! महिन्याला सव्वातीन हजार झाले की."

"थांब. जुनीचे दीड लाख आले, तरी खिशातून साडेसहा जाणार. एफडीला सात टक्के धर." त्यांनी ४५,५०० लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "व्याजच बचतीपेक्षा साडेसहा हजारांनी जास्त. घसारा अजून धरलेलाच नाही. शिवाय नव्या गाडीचा इन्शुरन्सही जास्त."

"पण मी एफडी मोडतच नाहीये. लोन काढणार."

सुन्या असा हसला की कटिंग पँटवर सांडला.

तसा सुन्याचा अनुभव उलटा आहे. तो रोज चाकणला जातो, वर्षाला अठरा हजार किलोमीटर. याच भावाने त्याचे ८८ हजार वाचतात, त्यामुळे त्याला सीएनजी परवडली. पंपावरच्या रांगेतला अर्धा-अर्धा तास आणि टाकीने खाल्लेली डिकी तो हिशोबात धरत नाही, आणि आम्हीही त्याला आठवण करून देत नाही.

अ‍ॅव्हरेजचा आकडा फसवा असतो, हे माझं जुनं तुणतुणं मी वाजवून घेतलं. पंधराची गाडी विकून पंचविसाची घेतली की माणसाला दहाची उडी दिसते. प्रत्यक्षात हजार किलोमीटरमागे २७ लिटर वाचतात. आठवरून बारावर गेलात तर उडी चारचीच, पण वाचतात ४२ लिटर. म्हणजे आधीची गाडी जितकी खादाड, तितका बदलण्यात फायदा. मंद्याची तेवढी खादाड नाही.

"आणि ई-२० चं काय?" मंद्याने नवा पत्ता टाकला. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मुद्दा अगदीच पोकळ नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या पेट्रोलच्या हिशोबाने बनतात, त्याची बरीच आधीची. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. पण त्यासाठी साडेसहा लाख? मेकॅनिककडून रबरी पाइप आणि सील बघून घ्यायचे. पंधरा वर्षं भरायला अजून दोन बाकी आहेत. पासिंगचा आणि ग्रीन टॅक्सचा खर्च तेव्हा येईल, पण तोही लाखांत नसतो.

मंद्या जरा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "आईला घेऊन साताऱ्याला जावं लागतं. मागच्या महिन्यात खंबाटकीत गाडी तापली. पाऊण तास ती मागच्या सीटवर पदराने वारा घेत होती."

"मग असं सांग ना," अण्णा म्हणाले. "आईसाठी घ्यायची तर घे, मी पेढे खायला येतो. बचतीच्या नावाखाली नको घेऊस. आणि त्याआधी कूलंट कधी बदललास ते बघ."

ते त्याला आठवेना. सुन्याने उठून गाडीच्या मागच्या डाव्या चाकाला लाथ मारून पाहिली.

"हवा कधी भरली होतीस रे?"

"दिवाळीत."

"कुठल्या?"