आधी काळा, मग पांढरा

प्लास्टिकचे पार्ट पाडणारं मशिन तुमचं, लाइट बिल तुमचं. पण कोणता जॉब आधी लागणार ते कस्टमरच्या फोनला ठरवू द्या. जो जास्त ओरडेल त्याचा मोल्ड, म्हणजे साचा, आधी चढवा. पीपीसीचा (उत्पादनाचं नियोजन करणाऱ्यांचा) प्लॅन सकाळी भिंतीवर चिकटवायला हरकत नाही, पोपडे झाकले जातात.

भोसरी-चाकणकडे प्लास्टिक मोल्डिंगची शेड असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. भित्री माणसं पांढरा, पिवळा, लाल, शेवटी काळा असा क्रम लावतात. फिक्यावर गडद चटकन चढतो. तुम्ही काळ्यावर थेट पांढरा घ्या. सेटर, म्हणजे साचा बदलणारा कारागीर, पर्जिंग करत (बॅरलमधलं, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतलं, जुनं प्लास्टिक बाहेर ढकलत) बसेल, मशिनखाली गरम लोंद्यांचा ढीग साचेल, आणि दोन तासांनी ‘झालं स्वच्छ’ म्हणताना पांढऱ्या झाकणाच्या बरोबर मधोमध एक काळा ठिपका उगवेल. क्यूसी, म्हणजे माल तपासणारा, तो पीस नापास करेल. क्यूसीला झापा.

मटेरियलही बदलत राहा. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक १२० अंशांवर ३-४ तास सुकवावं लागतं, हे आधीचा मोल्ड उतरल्यावरच आठवलं पाहिजे.

जपानमध्ये १९६९ साली शिगेओ शिंगो यांनी टोयोटातल्या १००० टनी प्रेसचं ४ तासांचं सेटिंग, म्हणजे डाय (साचा) बदलायचं काम, आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आणलं. युक्ती काय, तर जुना जॉब चालू असतानाच पुढची डाय, बोल्ट, नट आवळायचे पाने हाताशी आणून ठेवायचे. आपल्याकडे कसं जमणार? चालू मशिनपाशी उभा असलेला सेटर मालकाला रिकामा दिसतो. त्याला लगेच टेम्पो भरायला पाठवा.

शिवाय दहा जॉबचे क्रम लागतात ३६,२८,८००. एवढ्यांतून चांगला कोणी शोधायचा? तुमचा जुना सेटर जॉबकार्डं टेबलावर पसरून रंग आणि मटेरियल बघत पाच मिनिटांत बरा क्रम लावून देतो. त्याला विचारू नका, सवय लागेल.

मशिन बंद राहिल्याचं कारण रजिस्टरमध्ये ‘इतर’ लिहा. हुकलेले तास गुरुवारची साप्ताहिक सुट्टी रद्द करून ओव्हरटाइमला भरून काढा.

एवढं केलंत की संध्याकाळी पाचला, बॅरल नुकता पांढरा झालेला असताना, काळ्यावाल्याचा फोन येईलच: अजून दोनशे नग पाहिजेत, आजच. सेटरकडे न बघता म्हणा, ‘लगेच लावतो साहेब.’