रॉकेलचा वास येणारी वाइन

दादाच्या सोसायटीत, ठाण्यात घोडबंदर रोडला, तळमजल्यावरचा एक गाळा वाइन शॉपला जाऊ द्यायचा की नाही यावरून दोन महिने ग्रुपवर जुंपली आहे. सोसायटीच्या आवारात बिअर किंवा दारूचं नवं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असं सरकारनं मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं. तेव्हापासून टँकर, पार्किंग आणि भटकी कुत्री यांच्या जोडीला लोकांना चौथा विषय मिळाला. त्यात परवा एका सभासदांनी लिहिलं, ‘बाहेरच्या देशांत दुधाशेजारी वाइन ठेवलेली असते, तिथं कुठं संस्कृती बुडाली?’ लगेच दुसऱ्यांचं उत्तर, ‘म्हणूनच तिथली घरं मोडतात.’ दादानं दोन्ही मेसेज मला पाठवले आणि खाली लिहिलं, ‘तू सांग काय ते.’

म्हणजे मी साक्षीदार. चौदा वर्षं ॲडलेडला राहते, तेव्हा दुधाशेजारी काय असतं ते मला विचारणं रास्तच आहे. तर ऐका. दुधाशेजारी दही असतं. दक्षिण ऑस्ट्रेलिया, म्हणजे या देशातलं वाइनचं माहेरघर, इथं सुपरमार्केटच्या फळीवर वाइन मिळत नाही. त्यासाठी वेगळं दुकान, वेगळं दार, वेगळं गिऱ्हाइक. ते दार पुष्कळदा सुपरमार्केटला लागूनच असतं आणि मालकही कधी कधी एकच असतो, हा भाग निराळा. पण बिस्किटं घेता घेता ट्रॉलीत बाटली पडली, असं होत नाही. हे मी ग्रुपवर टाकायला सांगितलं तर दादा म्हणाला, ‘मग आपल्या बाजूचा मुद्दाच गेला की.’ ‘आपली’ बाजू कुठली, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.

२०२२ च्या जानेवारीत हाच वाद राज्यभर झाला होता, आठवत असेल. १०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटात वाइनसाठी वेगळं कपाट ठेवायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून ओरड केली, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि सत्तेतल्या लोकांनी सांगितलं की वाइन म्हणजे दारू नव्हे, आणि हे सगळं द्राक्षबागाईतदारांसाठी चाललंय. मग हरकती-सूचना मागवल्या, सरकार बदललं, निर्णय अमलात आलाच नाही. ती भांडणं मी इथून वाचत होते आणि मला सगळ्यात खटकलं ते ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य. ते खटकण्याचं कारण सांगायचं तर आई-बाबांच्या सहलीबद्दल सांगावं लागेल.

यंदा मार्चमध्ये दोघं नौपाड्याहून इथं आली होती. बाबा मूळचे निफाड तालुक्यातले, काकांची अजून तिथं द्राक्षबाग आहे. त्यांना इथल्या बागा दाखवायच्या म्हणून मी बारोसा खोऱ्याची अर्ध्या दिवसाची खासगी सहल ठरवली. एक गाडी, एक माणूस, आम्ही तिघं. ॲडलेडहून सत्तर किलोमीटर, तासाभराचा रस्ता. ठाण्याहून नाशिकला अशी ‘अर्ध्या दिवसाची’ सहल कुणी विकली तर हसू येईल. समृद्धी आमण्यापर्यंत आल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो हे खरं, पण आमण्यापर्यंत पोचायला ठाणेकराला काय काय पार करावं लागतं ते ठाणेकरच जाणे. बाबांनी सहलीचे डॉलर विचारले, मनातल्या मनात रुपये केले आणि गॉलर गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

गाइड साठीचा होता, स्वतः द्राक्षं पिकवणाऱ्या घरातला. त्यानं वाटेत सांगितलं की १८४२ पासून इथं सायलेशियातली जर्मन कुटुंबं आली. प्रशियाच्या राजानं लादलेली उपासना नको म्हणून देश सोडलेली कट्टर ल्युथरन माणसं. त्यांनी चर्च बांधलं आणि वेलीही लावल्या. आईला हे फार विचित्र वाटलं. ‘देवासाठी घर सोडलं आणि दारू काढली?’ तिनं मला विचारलं, आणि मी भाषांतर केलं नाही.

पहिल्या बागेशी बाबा गाडीतून उतरले ते थेट वेलीकडे निघाले. गाइडनं जवळजवळ धावत जाऊन त्यांना अडवलं. बागेच्या कडेला पाटी होती, आत पाय ठेवू नका. फिलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा किडा बुटांच्या मातीतून पसरतो. एकोणिसाव्या शतकात त्यानं युरोपच्या बागा संपवल्या, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात तो अजून पोचलेला नाही. म्हणून तर बारोसात १८४३ साली लावलेले शिराझचे, म्हणजे लाल वाइनच्या काळ्या द्राक्षाचे, वेल आजही फळ देतात. बाबा कुंपणाबाहेरूनच बघत राहिले. मांडव नाही, तारा नाहीत, माणसाच्या मांडीएवढं जाड, पिळवटलेलं खोड आणि त्यावर चार घड. ‘छाटणी कधी करता?’ त्यांनी विचारलं. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, म्हटल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं. आमच्याकडं वेल झोपतच नाही; एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसानंतर पुन्हा गोड्या बहाराची छाटणी, एका वेलाला वर्षातून दोनदा कात्री. गाइडनं ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. गंमत म्हणजे दोन गोलार्धांत असूनही काकांचा आणि त्याचा काढणीचा हंगाम जवळपास एकच निघाला. मग बाबांनी खरा प्रश्न विचारला. किलोला भाव काय?

तो थोडा थांबला. बारोसातल्या जुन्या वेलींना बरा मिळतो, म्हणाला. पण पलीकडं मरे नदीकाठच्या रिव्हरलँडमध्ये त्याचे नातेवाईक आहेत, त्यांचा उत्पादन खर्चही निघत नाही. चीननं २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत कर लावला, तो तीन वर्षांनी, २०२४ मध्ये उठला. तोवर टाक्या लाल वाइननं भरून गेलेल्या. कारखाने म्हणतात, माल नको. लोक वेल उपटतायत.

बाबांनी मान हलवली. काकांनी २००६ साली एका कंपनीशी करार करून दोन एकर शिराझ लावली होती. २००९ नंतर मंदी आली, कंपनीनं माल उचलायचं बंद केलं, वाइनची द्राक्षं बाजारात खायला कोण घेणार? आंबट, जाड सालीची, बियांची. काकांनी ती बाग मुळासकट काढली आणि पुन्हा खायची थॉमसन लावली. त्या काळात नाशिक जिल्ह्यात असं करणारे काका एकटे नव्हते. तेव्हा वाइनची विक्री वाढली की शेतकरी आपोआप तरतो, हे जे २०२२ मध्ये आपल्याला सांगितलं गेलं, त्यावर निफाड आणि रिव्हरलँड या दोघांचीही हरकत नोंदवून घ्यावी. नाशिकच्या द्राक्षांत वाइनची द्राक्षं मुळात थोडी. बाकीचा माल टेबलावर जातो, परदेशी जातो, बेदाण्याला जातो. बाटली कुठल्या कपाटात ठेवली यापेक्षा करारात भाव बांधला आहे का आणि माल उचलला नाही तर काय, हे काकांना जास्त महत्त्वाचं वाटेल.

आता चाखण्याकडं येते. काउंटरवर पाच-सहा पेले मांडतात, प्रत्येकात तीसेक मिलिलिटर ओततात, आणि शेजारी एक स्टीलचं भांडं असतं, थुंकायला. बाबांना हे पटेना. ‘पैसे देऊन घ्यायचं आणि थुंकायचं?’ पस्तीस वर्षं ठाणे स्टेशनाच्या जिन्यावरचे तांबडे कोपरे बघत लोकलनं नोकरी केलेला माणूस. चार लोकांत, तेही काचेच्या पेल्यानिशी, थुंकणं त्यांच्या पिंडात नाही. त्यांनी सगळे घोट गिळले. गाइड दिवसभर पाणी पीत होता.

आईनं पेल्याला हात लावला नव्हता. तिसऱ्या ठिकाणी ओतणाऱ्या मुलीनं तिला म्हटलं, पिऊ नका, नुसता वास घ्या. शेजारच्या ईडन व्हॅलीची, दहा वर्षं बाटलीत मुरलेली रिझलिंग होती, पांढरी. आईनं पदर सावरला, पेला नाकाशी नेला, लगेच लांब केला. पुन्हा जवळ आणला. म्हणाली, ‘अगं, याला रॉकेलचा वास येतोय. स्टोव्हला पिन मारताना यायचा तसा.’ मी ओशाळून त्या मुलीला सांगितलं की आईला वाटतंय यात केरोसिन आहे. ती मुलगी टाळी वाजवायचीच बाकी राहिली. मुरलेल्या रिझलिंगची खूण नेमकी तीच; लोक वर्षानुवर्षं शिकतात तेव्हा त्यांना तो वास पकडता येतो. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्या आईला तो पहिल्या फटक्यात सापडला. मग तिनं मागच्या पाचही पेल्यांचे वास घेतले. एकात ओली सुपारी, एकात जांभळाच्या बिया, एकात ‘बंद कपाट’. तो तास आम्ही सगळे विसरणार नाही, आणि आईच्या पोटात एक थेंब गेला नव्हता.

परतताना बाबा गाडीत बसल्या बसल्या घोरायला लागले. मी हिशोब केला. तीन ठिकाणी मिळून सोळा घोट, प्रत्येकी तीस मिलिलिटर, १३-१४ टक्के अल्कोहोल. इथं दहा ग्रॅम अल्कोहोलला एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणतात आणि प्रत्येक बाटलीवर तो आकडा छापावा लागतो. बाबांचे झाले पाचाच्या आसपास. इथली सरकारी आरोग्य शिफारस आहे आठवड्याला जास्तीत जास्त दहा आणि एका दिवसात चार. म्हणजे सुशिक्षित, सुगंधी, जर्मन इतिहासासकट घेतलेल्या त्या अर्ध्या दिवसात सत्तरी ओलांडलेल्या माणसानं दिवसाची मर्यादा ओलांडली होती, आणि आम्ही कुणीच त्याला ‘प्यायला’ म्हटलं नसतं. वाइन दारूच आहे. ज्या कायद्याखाली महाराष्ट्रात तिचा परवाना मिळतो, त्याचं नावच दारूबंदी कायदा आहे.

ठाण्यात वाइन सभ्य वाटते, कारण ती महाग आहे. इथं ती सगळ्यात स्वस्त दारूही आहे. खोक्यातल्या पिशवीला नळ लावून विकायची वाइन याच राज्यातल्या टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये काढली. इथला वाइनवरचा कर किमतीवर असतो, अल्कोहोलच्या प्रमाणावर नाही, म्हणून चार लिटरच्या खोक्यावर तो नगण्य बसतो. उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरीत या खोक्यांनी वस्त्यांचं इतकं नुकसान केलं की २०१८ मध्ये सरकारला दारूचा किमान भाव ठरवून द्यावा लागला. पुढच्या सरकारनं तो उठवला आणि वाद पुन्हा चालू. तेव्हा ‘वाइनमुळे लोक सुसंस्कृत पितील’ म्हणणाऱ्यांनी आधी ते खोकं बघून यावं.

मग मी गाळ्याच्या विरोधात आहे का? नाही. गेल्या डिसेंबरात ठाण्यात मैत्रिणीकडं जाताना नाशिकची एक बाटली न्यावी म्हणून मी स्टेशनजवळच्या वाइन शॉपमध्ये गेले. लोखंडी जाळी, जाळीला हाताएवढी खिडकी, बाहेर पुरुषांची गर्दी. मला बघून गर्दी बाजूला झाली, आणि ते बाजूला होणं ढकलण्यापेक्षा वाईट होतं. मी विचारलं, शेनिन ब्लांक आहे का? ती पांढरीच असते. आतला मुलगा म्हणाला, ‘रेड की व्हाइट?’ नावातच वाइन असलेल्या दुकानात वाइन सगळ्यात वरच्या फळीवर, पंख्याच्या मोटरशेजारी, उभी, धुळीनं माखलेली. त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळली, काळ्या पिशवीत घातली आणि मी काही चोरलंय अशा बेतानं माझ्या हातात दिली. बाटली उघडली तर उकडलेल्या सफरचंदाचा वास. उन्हाळाभर त्या फळीवर शिजली असणार.

सुपरमार्केटचं कपाट मला नको आणि ही जाळीही नको. उजेड असलेलं, आत जाता येईल असं, ‘हे काय आहे’ म्हणून विचारता येईल असं दुकान सोसायटीच्या गाळ्यात आलं तर माझी हरकत नाही. पण तसं येणार नाही, जाळीच येणार, हेही मला माहीत आहे, कारण धंदा क्वार्टरवर चालतो, शेनिनवर नाही. म्हणून दादाला सांगितलं, ना हरकत देताना जाळी नको अशी अट घालता येते का बघ. तो म्हणाला, अशी अट आजवर कुणी घातली नसेल. नसेल.

दादाकडं कामाला येणाऱ्या मावशी लोकमान्य नगरला राहतात. सुपरमार्केटच्या वादावर २०२२ मध्ये आईनं त्यांना विचारलं होतं. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, ‘आमचा माणूस तिथं कशाला जाईल? दारातच पिशवी ठेवायला लावतात.’ त्यांचा नवरा देशीच्या दुकानात जातो, आणि त्या दुकानावर ग्रुपवर कधीच चर्चा होत नाही. एका वस्तीत बायकांनी आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा केल्या तेव्हा मावशी पुढं होत्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रभागातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद व्हायचं. निम्म्याहून जास्त म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या. दिवसाचा खाडा करून तितक्या बायका आणायच्या कुठून, असं त्या म्हणत होत्या.

आईनं बारोसातून ती रिझलिंगची बाटली नेली. पिणार कुणीच नाही, वासासाठी. मी फोनवर सांगितलं, माळ्यावर ठेवू नकोस, ठाण्याच्या उकाड्यात मरेल, फ्रिजमध्ये ठेव. काल व्हिडिओ कॉलवर तिनं फ्रिजचं दार उघडून दाखवलं. छुंद्याच्या बरणीमागं, काळ्या पिशवीत, दोनदा गुंडाळून.

‘अगं, आपल्याच घरात काळी पिशवी कशाला?’

‘मावशी आता आपल्याकडंही येतात ना सकाळच्या,’ आई म्हणाली. ‘त्यांच्यासमोर कशाला.’